छायाचित्रातले ते समुद्रफूल नव्हेच

संपादक महोदय,
रविवार पुरवणीतील समुद्रफुलांवरचा लेख वाचला. लेख रंजक आहे, पण सोबतचे भलेमोठे छायाचित्र समुद्रफुलाचे, म्हणजे सी ॲनिमोन या समुद्री प्राण्याचे नाही.

त्यातले शुंडक, म्हणजे तोंडाभोवतीचे बोटांसारखे अवयव पाहा. कडेला लांब, सडपातळ शुंडकांचे एक कडे आणि तोंडालगत आखूड शुंडकांचे दुसरे. ही सेरिअँथेरिया या समुद्रफुलांसारख्या दिसणाऱ्या वेगळ्या गटाची खूण. हे प्राणी स्वतःच्याच दंशपेशींतून सुटणाऱ्या धाग्यांची नळी करून वाळूत-चिखलात राहतात. खडकाला चिकटायला लागणारी तळाची चकती त्यांना नसते. खरी समुद्रफुले ॲक्टिनिआरिया गणातली. दोघेही निडारिया या दंशपेशीवाल्या प्राण्यांच्या संघातले खरे, पण समुद्रफुलांना सेरिअँथेरियापेक्षा दगडी प्रवाळ जवळचे.

रंगावरून समुद्रफुलाची जात ओळखता येते, हे लेखातले विधानही पटत नाही. ॲक्टिनिया इक्विना ही एकच जात लाल, तपकिरी, हिरवी अशी कुठल्याही रंगात सापडते. पुष्कळदा प्राण्याचा आडवा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरावा लागतो. आत पडद्यांच्या जोड्या असतात आणि प्रत्येक पडद्यावर स्नायूची पट्टी. बहुतेक जोड्यांत या पट्ट्या समोरासमोर असतात. घशाच्या टोकांशी असलेल्या खास जोड्यांत मात्र त्या एकमेकींकडे पाठ करून असतात. छायाचित्रात यातले काय दिसणार?

लेखकाने वर्गीकरण काळ्या दगडावरची रेघ असल्यासारखे मांडले आहे, त्याला माझी खरी हरकत आहे. सांगाडा नाही, वसाहत नाही, मग ते समुद्रफूल, असा हिशेब बराच काळ चालला. नसलेल्या गोष्टींवरून नाते जुळवले की घोटाळा व्हायचाच. पूर्व प्रशांत महासागराच्या तळाशी मिळालेल्या, लांबलचक शुंडकांच्या एका प्राण्याला २००६ मध्ये बोलोसेरॉइडिस डॅफ्नी या नावाने समुद्रफुलांत घातले. डीएनए ताडून पाहिल्यावर २०१४ मध्ये त्याला गणाबाहेर काढले आणि रेलिकॅन्थस ही नवी प्रजाती केली. त्यानंतर पेशीतल्या सूत्रकणिकांच्या (मायटोकॉन्ड्रियांच्या) डीएनएचा अभ्यास झाला, तर स्वारी पुन्हा समुद्रफुलांचा सर्वांत जवळचा भाऊबंद ठरली! ही ओढाताण लेखात यायला हवी होती. विषयाची सगळी गंमत तिच्यातच आहे.

पुढील अंकात छायाचित्राची दुरुस्ती छापावी आणि प्राण्यांच्या छायाचित्रांखाली यापुढे शास्त्रीय नाव द्यावे, ही विनंती. जातीपर्यंत ओळख पटली नसेल, तर नुसता गण दिला तरी चालेल.

आपली,
एक वाचक