क्यूनंतर यू हवाच असे नाही

प्रति,
संपादक,

महोदय,

सुट्टीच्या निमित्ताने आपल्या बालपुरवणीत दोन-तीन अक्षरी इंग्रजी शब्दांची यादी आली. स्क्रॅबल (पटावर अक्षरांच्या टाइल जोडून शब्द करण्याचा खेळ) खेळणाऱ्या मुलांना ती उपयोगी आहे. पण शब्दांना अर्थ दिलेले नव्हते आणि खालच्या चौकटीत ‘क्यूनंतर नेहमी यू येतो’ असे ठणकावून छापले होते. शाळेच्या स्पेलिंगपुरते ते चालून जाईल, पटावर मात्र हाच नियम मुलांना अडकवतो.

हिशेब बघा. संचात १०० टाइल, त्यांत क्यू एक आणि यू चार. चारही यू दुसरीकडे खर्ची पडले की क्यू हातात कुजतो. डाव संपताना तो उरला तर त्याचे १० गुण आपल्यातून वजा होतात आणि टाइल संपवून आधी सुटलेल्याला तेच १० मिळतात. म्हणजे एका टाइलपायी २० गुणांचा फटका.

यावरचा पहिला उतारा म्हणजे क्यू-आय. उच्चार ‘ची’, अर्थ चिनी परंपरेतील प्राणशक्ती. समजा पटावर आर-ओ-टी-आय, म्हणजे आपली रोटी, आडवी लागली आहे (हा शब्द मान्य आहे) आणि तिच्या शेवटच्या आयच्या डोक्यावरचे घर तिप्पट अक्षराचे (तिथे ठेवलेल्या अक्षराचे गुण तिप्पट करणारे) आहे. तिथे क्यू ठेवायचा आणि त्याच्या उजवीकडे, साध्या घरात, हातातला आय. क्यू-आय आडवाही होतो आणि उभाही. प्रत्येक वेळी क्यूचे ३० आणि आयचा १, एकूण ६२ गुण, तेही दोन टाइलमध्ये. आजूबाजूची घरे रिकामी आहेत ना, हे आधी पाहावे. घाईत शेजारच्या अक्षराला चिकटून भलताच शब्द तयार होतो आणि समोरच्याने आव्हान दिले की अख्खी खेळी उचलावी लागते.

मराठी घरातल्या मुलांना इथे एक आयती सोय आहे, तिच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. अरबी-फारसीतला घशातून येणारा ‘क’ रोमन लिपीत क्यूने लिहितात आणि त्याला यूची गरज नसते. फकीर, बुरखा, तलाक, वक्फ, कव्वाली हे शब्द मुलांनी ऐकलेले असतात, रोजच्या अंकात वाचलेलेही असतात. हे सगळे क्यूने लिहिले तरी स्क्रॅबलच्या मान्य शब्दांच्या कॉलिन्स यादीत चालतात. जोडीला क्यू-ए-टी, म्हणजे येमेन-इथिओपियाकडे तरतरीसाठी चघळतात ती पाने, आणि एस-यू-क्यू, म्हणजे अरबी बाजार. या शेवटच्या शब्दात यू आहे, पण क्यूच्या आधी! मुले क्यू नेहमी शब्दाच्या सुरुवातीलाच शोधतात, त्यामुळे तलाक किंवा हा बाजार त्यांना दिसतच नाही. मुळात क्यू-यू ही जोडी इंग्रजीत नॉर्मन फ्रेंचांनी रुजवली. जुन्या इंग्रजीत राणीला सी-डब्ल्यू-ई-एन असेच लिहीत.

व्ही हे अक्षर याहून खाष्ट. व्ही असलेला दोन अक्षरी शब्द एकही मान्य नाही. मुले व्ही-ए, व्ही-ओ लावून पाहतात आणि पाळी घालवतात. इंग्रजी शब्द सहसा व्हीवर संपतही नाही, कारण पूर्वी यू आणि व्ही हे एकच अक्षर होते आणि गोंधळ नको म्हणून शेवटी ई जोडण्याची रीत पडली. हॅव, गिव्ह, लव्ह यांच्या शेवटी ई दिसतो तो त्यामुळे. म्हणून व्ही हातात साठवू नये; पट मोकळा असतानाच व्ही-ओ-डब्ल्यू (शपथ) किंवा व्ही-आय-ई (चुरस करणे) असे काही लावून मोकळे व्हावे.

स्वर नसलेले शब्द थोडक्यात. सी-डब्ल्यू-एम हा वेल्श शब्द, उच्चार ‘कूम’, अर्थ डोंगरातली वाटीसारखी दरी. वेल्शमध्ये डब्ल्यू स्वराचे काम करतो. टी-एस-के ही चुकचुकण्याची क्रिया. ते क्रियापद असल्याने त्याला एस लागतो. एच-एम किंवा बी-आर-आर हे नुसते उद्गार, त्यांना लागत नाही. अर्थ ठाऊक असेल तर हा फरक वेगळा पाठ करावा लागत नाही. दोन अक्षरी शब्दांत पाय, म्यू, न्यू, क्साय ही ग्रीक अक्षरेही चालतात; त्यांतला पाय तर शाळेच्या गणितात भेटतोच. डो-रे-मी हे पाश्चात्त्य सूर सगळेच्या सगळे चालतात. आणि ई-एम, ई-एन ही छपाईतली मापे (दुसरे पहिल्याच्या निम्मे) तर आपल्याच कचेरीतली. त्यांचे अर्थ तरी आपण द्यायला हवे होते!

आणखी एक. मान्य शब्दांच्या याद्या दोन आहेत आणि आपण त्यांची सरमिसळ केली आहे. कॉलिन्सच्या २०१९च्या आवृत्तीत दोन अक्षरी शब्द १२७, उत्तर अमेरिकेच्या २०१८च्या यादीत १०७. झेड-ओ (याक आणि गाय यांच्या संकराचे जनावर) आणि सी-एच (‘मी’चे जुने बोलीरूप) कॉलिन्समध्ये आहेत, अमेरिकी यादीत नाहीत. पिझ्झाचे लाडके रूप झेड-ए दोन्हीकडे चालते. कोणती यादी वापरली ते वर एका ओळीत छापले तर सोसायटीच्या आवारातली निम्मी भांडणे मिटतील.

पुढच्या वेळी शब्द ए ते झेड असे न लावता अवघड अक्षराप्रमाणे गट करून द्यावेत: क्यूचे, झेडचे, जेचे, एक्सचे, आणि प्रत्येकापुढे चार शब्दांत अर्थ. आपल्या यादीतला आय-क्यू मात्र काढून टाकावा. ते संक्षिप्त रूप आहे, दोन्ही याद्यांत नाही. आणि क्यू हातात अडकलेले मूल सर्वांत आधी तेच लावून बसते.

आपले,
स्क्रॅबल खेळणारे काही वाचक,
कोथरूड, पुणे