परदेशातून परतलेल्या सभासदांना आठवण

सभासदहो,

यंदा कायमचे परतलेल्यांनी आधी बँकेचं काम उरकावं. इथे कायमचं राहायला आल्यावर एनआरई खातं (अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं) तसंच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते निवासी खात्यात बदलून घ्या. डॉलर-पाउंड परकीय चलनातच ठेवायचे असतील तर आरएफसी खातं उघडता येतं. मागच्या 10 आर्थिक वर्षांपैकी 9 वर्षं अनिवासी असाल, तर परदेशातल्या उत्पन्नावरच्या करात सुरुवातीला सवलत मिळू शकते. सीएंना जरूर विचारा.

मुलांचं मात्र कागदपत्रांनी भागत नाही. राज्यातल्या शाळांत 2020च्या कायद्याने मराठी सक्तीची आहे. अक्षरओळख नसलेलं मूल वर्गात गप्प बसतं आणि घरच्यांना वाटतं, रुळलं. रोज त्याच्यासोबत बसून वाचा. ज्या सभासदांना अशा मुलांना शिकवता येईल, त्यांनी रविवारपर्यंत नावं द्यावीत.

– कार्यवाह