रिपोर्टवरचा बाण

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला रिपोर्ट पाहिला. एसजीपीटी, म्हणजे लिव्हरचं एन्झाइम, ८२ आलंय, लॅबने वरची मर्यादा ४० छापली आहे, म्हणून आकडा ठळक आणि शेजारी बाण. खाली तुझा प्रश्न, "आई, शनिवारची मेथोट्रेक्झेट घेऊ की बंद करू?" तुझ्या संधिवातावरचं हे औषध, ते घ्यायचं की नाही हे मी ठरवायचं नाही आणि तूही एकट्याने ठरवू नकोस. शनिवारच्या आत डॉक्टरांना फोन कर, आकडा सांग, ते म्हणतील तसं कर. तेवढं झालं की पुढचं निवांत वाच.

माझा जन्म लॅबमध्ये गेला, त्यामुळे त्या बाणाबद्दल थोडं हक्काने सांगते. "नॉर्मल रेंज" सहसा अशी आखतात की शंभर निरोगी माणसांपैकी मधली ९५ तिच्यात बसतील. म्हणजे वीस धडधाकट लोकांमागे एकाचा आकडा बाहेर पडणारच. एका वेळी वीसेक तपासण्या केल्या, की काहीही झालेलं नसताना एखादा बाण सहज येतो. तुझं एसजीपीटी मात्र मर्यादेच्या दुपटीच्या वर आहे, ते योगायोग म्हणून सोडून द्यायचं नाही. पण आकडा पाहून हातपाय गाळायचीही ही वेळ नाही. आधी तो कसा आला ते शोधायचं.

तू गोळ्या शनिवारी रात्री घेतोस आणि रक्त सोमवारी सकाळी दिलंस. हे डॉक्टरांना आवर्जून सांग. डोसनंतर एक-दोन दिवस लिव्हरची एन्झाइम तात्पुरती वर दिसू शकतात, म्हणून रक्त शक्यतो पुढचा डोस जवळ आला की द्यावं. आदल्या दिवशी जिममध्ये वजनं उचलली होतीस का? जड व्यायामानेही एसजीपीटी आणि त्याच्या जोडीचं एन्झाइम एसजीओटी काही दिवस चढतात. दुखण्यासाठी मधेच घेतलेली गोळी, कुणी सुचवलेली वनौषधीची कॅप्सूल, मित्रांबरोबर घेतलेली दारू, सगळं सांग. लाजून काही लपवलंस, तर डॉक्टर उगाच औषधाला दोष देतील. दारूचं तर मी सरळच सांगते, या औषधावर असेपर्यंत ती नकोच.

कधीकधी घोळ रक्त काढतानाच होतो. ट्यूब सेंट्रिफ्यूजमधून, म्हणजे ती गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून, बाहेर आली की वर पिवळसर, स्वच्छ सिरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, दिसायला हवं. शीर नीट सापडली नाही, सुई बारीक पडली, ट्यूब जोरात हलवली, की तांबड्या पेशी फुटतात आणि सिरम लालसर दिसतं. अशा नमुन्यात पोटॅशियम खोटंच वाढलेलं येतं, एसजीओटीसुद्धा. म्हणून अनपेक्षित आकडा आला की पहिला प्रश्न हाच : तपासणी पुन्हा करायची का, आणि कधी? शक्यतो त्याच लॅबमध्ये कर, म्हणजे दोन आकड्यांची तुलना करता येते. एक पान आखून ठेव : तारीख, डोस कधी घेतला, एसजीपीटी, क्रिएटिनिन (किडनीचा आकडा), पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. एकट्या ८२ वरून फारसं कळत नाही. २८, ३४, ५१, ८२ अशी चढण असेल तर तिचा अर्थ वेगळा, आणि ३०, ८२, ३३ असेल तर वेगळा.

आता मला जास्त टोचतंय ते बोलते. रविवारभर मळमळतं म्हणून तू मधूनमधून डोसच चुकवतोस, हे ताईकडून कळलं. रागावत नाही, बाळा. दर आठवड्याचा एक दिवस असा जाणं किती वैतागाचं असेल. पण हे डॉक्टरांना माहीत नसेल, तर त्यांना वाटणार औषध लागू पडत नाही, आणि ते डोस वाढवतील. मळमळीवर उपाय आहेत. फॉलिक अ‍ॅसिड वाढवता येतं, डोस विभागून देता येतो, गोळीऐवजी कातडीखाली इंजेक्शन घेता येतं. पण हे सगळं तू तोंड उघडलंस तरच. "थोडं मळमळतं" एवढ्यावर थांबू नकोस. किती तास मळमळतं, उलटी होते का, जेवण जातं का, कामावर जाता येतं का, ते सांग. औषध वाऱ्यावर सोडलं तर ऱ्हुमॅटॉइड संधिवात आतल्या आत काम करत राहतो, आणि सांध्याचं हाड एकदा झिजलं की ते पहिल्यासारखं होत नाही. सकाळी तुला शर्टाची बटणं लावता येत नव्हती, ती बोटं मी पाहिली आहेत.

काही गोष्टींत मात्र फोनची किंवा पुढच्या तारखेची वाट पाहायची नाही. ताप आला, घसा खूप दुखू लागला, तोंडात फोड आले, अंगावर कारण नसताना काळेनिळे डाग पडले, कोरडा खोकला येऊन दम लागला, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. जुलाब-उलट्या होऊन अंगातलं पाणी कमी झालं असेल, तर डोस घेण्याआधी डॉक्टरांना विचार, कारण हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं. दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलास तरी पहिलं वाक्य "मी मेथोट्रेक्झेटवर आहे" हेच असू दे. को-ट्रायमॉक्साझोल हे साधं वाटणारं अँटिबायोटिक याच्या जोडीला गेलं तर रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेवर घाला घालू शकतं.

आणि पाकिटावर मोठ्या अक्षरांत "फक्त शनिवार" लिही. ही गोळी चुकून रोज घेतल्याने माणसं दगावली आहेत. याबाबत मी तुला पुन्हापुन्हा विचारणार, कंटाळलास तरी.

पुढच्या भेटीला मी यावं असं वाटलं तर सांग, येईन. प्रश्न तूच विचारायचे, मी शेजारी बसून लिहून घेईन. फोन झाला की काय म्हणाले ते कळव.

तुझी,
आई