बंदीची पाटी नको, पट्ट्याचा नेमका नियम हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

इंदूरच्या अनेक कॉलन्यांत बगीच्याच्या फाटकावर ‘कुत्र्यांना आत आणण्यास सक्त मनाई’ अशी पाटी असते. ती लावणाऱ्यांची काळजी खरी आहे. तिथे लहान मुले खेळतात, सकाळी वृद्ध मंडळी फिरायला येतात. पण भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केले आहे की रहिवासी संघाला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, तोंडाला जाळी बांधण्याची सक्तीही करता येत नाही. कुत्रा पट्ट्यात ठेवा आणि त्याची घाण उचला, हे मात्र तिथे मालकांना सांगितलेले आहे. म्हणजे कोणी आक्षेप घेतला की बंदी गळून पडते आणि बगीच्याला कुठलाच नियम उरत नाही. त्यापेक्षा पाळता येईल आणि तपासता येईल असा नियम लिहावा.

‘कुत्रा पट्ट्यात असावा’ एवढे लिहून भागत नाही. लांबी लिहावी लागते. बगीच्याच्या पायवाटेवर दीड मीटर, म्हणजे सुमारे पाच फूट पट्टा पुरतो. कुत्र्याला हुंगायला मिळते आणि समोरून येणाऱ्या मुलापर्यंत तो पोचत नाही. डबीतून सुटणारी चार-पाच मीटरची दोरी अशा ठिकाणी नकोच. ती ताणलेली असल्याने कुत्र्याला ओढत राहण्याची सवय लागते, ब्रेक दाबेपर्यंत कुत्रा दुसऱ्याच्या पायात गेलेला असतो, आणि पातळ दोरी बोटांत अडकली तर खोल कापते. जड लोखंडी साखळीनेही नियंत्रण वाढत नाही, कुत्र्याच्या मानेवर नुसता भार पडतो. मोठ्या कुत्र्याला इंचभर रुंदीची नायलॉनची पट्टी चांगली. पट्टा तुटण्यापेक्षा त्याचा हूक दगा देण्याची शक्यता जास्त. त्यातली स्प्रिंग सैल झाली किंवा गंज चढला की झटक्यासरशी तो उघडतो, म्हणून आठवड्यातून एकदा तो हाताने ओढून पाहावा.

कॉलर आणि मान यांत दोन बोटे जातील इतकीच जागा हवी. फटाका वाजला की घाबरलेला कुत्रा पुढे पळत नाही, मागे सरकतो आणि सैल कॉलर डोक्यावरून निघते. दिवाळीत आणि रंगपंचमीच्या गेर मिरवणुकीच्या गोंगाटात कुत्री हरवतात, त्यामागे बऱ्याचदा हेच असते. अरुंद डोक्याच्या कुत्र्यांना ताणल्यावर थोडी आवळणारी मार्टिंगेल कॉलर लावावी. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हार्नेस, म्हणजे छातीभोवती बांधायचा पट्टा, बरा, कारण त्यांना मुळातच श्वासाचा त्रास असतो.

पट्टा कोणाच्या हातात आहे, हेही नियमात हवे. तीस किलोच्या लॅब्राडॉरला दहा वर्षांचे मूल आवरू शकत नाही. पट्ट्याचा फास अंगठ्यात अडकवून मूठ मिटावी. हाताला वेढे देऊ नयेत, नाहीतर झटक्यात बोट मोडते.

आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. दोन कुत्र्यांची ‘ओळख’ करून देताना मालक दोन्ही पट्टे ताणून त्यांना तोंडासमोर आणतात. मोकळी कुत्री अशी भेटत नाहीत. ती वळसा घालून बाजूने येतात. ताणलेल्या पट्ट्याने छाती पुढे येते, मान वर जाते आणि समोरच्याला ती धमकी वाटते. भांडण तिथेच पेटते. अरुंद वाटेवर एकाने कडेला थांबून कुत्र्याला समोरच्या कुत्र्यापासून दूरच्या बाजूला घ्यावे, पट्टा सैल ठेवावा आणि दुसऱ्याला जाऊ द्यावे.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्नही इथे जोडलेला आहे. पट्ट्याविना पाळीव कुत्रा त्यांच्या हद्दीत शिरला की ती अंगावर येतात, आणि मग चूक मात्र त्यांची ठरते. बाकांखाली पडलेले पोहे-जलेबीचे कागद त्यांना आत ओढतात. रहिवासी भागात खाऊ घालण्याची जागा मुलांच्या खेळण्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटांपासून दूर असावी, हे २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत लिहिलेले आहे. फाटकातच पोळ्या ठेवणाऱ्यांनी ते पाळायला हवे.

कुत्रा चावला किंवा नुसता दात लागून ओरखडा उठला, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, मिरची काही लावू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा. त्वचेत देण्याच्या रेबीजविरोधी लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८ असे असतात. रक्त आले असेल तर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही लागते, हे विचारून घ्यावे. मालकाने कुत्र्याच्या लसीचे कार्ड दाखवावे आणि कुत्रा दहा दिवस नजरेखाली ठेवावा. प्राणी सांभाळण्यात हयगय केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

घाणीबद्दल एवढेच, की ती लगेच उचलण्याला कारण आहे. विष्ठेतली गोलकृमीची अंडी ताजी असताना संसर्ग करत नाहीत. त्यांना मातीत दोन-तीन आठवडे लागतात आणि नंतर ती फार काळ टिकतात. म्हणजे त्याच वेळी उचलली तर मुलांच्या वाळूत काही जातच नाही. मात्र ती पिशवी ओल्या कचऱ्यात टाकू नये. आपला ओला कचरा देवगुराडियाच्या गॅस प्रकल्पाला जातो, त्यात प्लास्टिक नको. घरी आणून शौचालयात रिकामी करावी.

नगर निगमला आणि कॉलनी समित्यांना एक मागणी. कुत्र्याला सदैव पट्ट्यात ठेवा म्हणणे पुरेसे नाही, त्याला पळायलाही हवे. सतत बांधलेल्या कुत्र्याला व्यायाम न देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे क्रौर्यच आहे. मोठ्या बगीच्यांत एक कोपरा पाच फूट उंच जाळीने वेढून द्यावा. त्याला दोन फाटके हवीत, मध्ये माणूस आणि कुत्रा उभे राहतील एवढी जागा, आणि पहिले बंद झाल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. एकच फाटक ठेवले तर दुसरा आत येताना पहिला बाहेर पळतो. लहान आणि मोठ्या कुत्र्यांच्या वेळा वेगळ्या ठेवाव्यात. आत खाऊ आणि चेंडू नेऊ नयेत, बहुतेक मारामाऱ्या त्यावरूनच होतात. माजावर आलेली मादी आणि लसी पूर्ण न झालेली पिल्ले आत सोडू नयेत. पिल्लांना उलट्या-जुलाबांनी मारणाऱ्या पार्व्हो रोगाचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने राहतो.

आपला,
एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर