विन्याचा फोन आला होता

सांगली,
19 जानेवारी 2025

प्रिय दिग्या,

विन्याचा फोन आला होता.

हे वाचून तू कागद खाली ठेवला असशील, चष्मा पुसला असशील आणि वहिनींना 'बघ, नऊ वर्षांनी जाग आली' असं काहीतरी ऐकवलं असशील. ऐकव. पण कागद परत उचल. फोनवर तू मला तिसऱ्या वाक्याला तोडतोस आणि व्हॉट्सॲपवर एवढं लिहिलं तर अंगठा दाखवून मोकळा होतोस. शिवाय यात एक गोष्ट अशी आहे, की तुझा आवाज कानावर पडत असताना मला ती सांगता येणार नाही. दिवाळीपासून माझं पत्र नाही, फोन नाही, त्या शिव्या यातच वळत्या करून घे.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, चालते. माझी शुगर होती तिथेच आहे. पुढे.

एक तारखेला चिन्मयने मला 'क्रॅव्हन द हंटर' हा स्पायडरमॅनच्या शत्रूवरचा चित्रपट बघायला नेलं. संध्याकाळचा खेळ, नवीन वर्षाचा पहिला दिवस, आणि थिएटरात आम्ही धरून सात माणसं. त्यातली दोन जोडपी होती, म्हणजे प्रेक्षक म्हणावेत असे तिघेच. मध्यंतरात चिन्मयने विचारलं, "बाबा, यात स्पायडरमॅन येतो की नाही?" मी म्हटलं, येत नाही. तो म्हणाला, "मग हा शिकार कुणाची करतोय?"

तू 2012 मध्ये स्पायडरमॅन सोडलास. इरफानसारखा नट घेतला, पुलावर गाडीत अडकवला आणि पुढे त्याची चौकशीसुद्धा केली नाही, यावर तू स्टँडसमोरच्या कॅन्टीनमध्ये माझ्याशी अर्धा तास भांडला होतास. जणू चित्रपट मी काढला होता. त्यामुळे मधलं रामायण तुला ठाऊक नसणार. तर 1999 पासून स्पायडरमॅनच्या चित्रपटांचे हक्क सोनीकडे आहेत. 2014 चा चित्रपट अपेक्षेएवढा चालला नाही, तेव्हा 2015 मध्ये त्यांनी मार्व्हलशी, म्हणजे मूळ कॉमिकवाल्यांशी, सोयरीक केली. पोरगा तुमच्या घरच्या कार्यात मिरवू दे, चित्रपट मिळून काढू. पोरगा गेला तिकडे. मग अंगणात उरलं कोण? त्याचे शत्रू आणि शेजारीपाजारी. सोनीने त्यांनाच घेऊन वेगळं दुकान मांडलं. 2018 ते 2024, सहा चित्रपट. व्हेनमचे तीन, मॉर्बियस, मॅडम वेब आणि हा क्रॅव्हन. आणि सहापैकी एकातही समोर उभा राहायला स्पायडरमॅन नाही.

क्रॅव्हनचं तर मला फार वाईट वाटलं. मूळ कॉमिकमधला हा 1964 चा गडी. सगळी जनावरं मारून झाली, आता स्पायडरमॅनची शिकार करायची, एवढंच त्याच्या डोक्यात. 1987 साली त्याची एक गोष्ट आली होती, चिन्मयने मला वाचायला दिली. हा स्पायडरमॅनला गाडून टाकतो, त्याचे कपडे घालून गावात हिंडतो, आपण त्याच्यापेक्षा सरस आहोत हे स्वतःपुरतं सिद्ध करतो आणि मग शांतपणे बंदूक स्वतःवर चालवतो. कारण आता करायला काही उरलंच नाही. चित्रपटात यातलं काही शक्यच नव्हतं. शिकारी इथे आणि शिकार दुसऱ्याच्या रानात! मग बिचारा गुंडांना मारतो, बापाशी भांडतो आणि शेवटी बापाने दिलेलं सिंहाच्या कातड्याचं जाकीट चढवून आरशासमोर बसतो. खर्च अकरा कोटी डॉलर, जमले सहा कोटींच्या आसपास.

आरसा म्हटल्यावर तुला काय आठवलं ते मला कळलं. 2002 चा स्पायडरमॅन. त्यातला खलनायक ग्रीन गॉब्लिन आरशात स्वतःशीच बोलतो, ते हिंदीत बघून आपण तिघं चालत घरी आलो आणि रात्रीत आपल्या एकांकिकेत आरसा घुसला. कल्पना तुझी, लाइट तुझे, आरसा तुझ्या मावशीच्या कपाटाचा, आणि बक्षीस घेताना विन्या माइकवर म्हणाला, "मला वाटलं, इथे आरसा हवा." व्हेनमचा तो काळा पोशाख आहे ना, त्याची मूळ कल्पना एका वाचकाची. 1982 मध्ये मार्व्हलने त्याला 220 डॉलर देऊन ती विकत घेतली. तुला विन्याने चहासुद्धा पाजला नाही. हे मी विसरलेलो नाही, हे आधी नोंदवून ठेवतो, कारण पुढे मी त्याची बाजू घेणार आहे.

मॅडम वेबचीही तीच गत. कॉमिकमध्ये आंधळी, खिळलेली म्हातारी, सगळं आधी दिसणारी. आपल्या नाटकात असती तर शकूमावशींनी खाऊन टाकलं असतं ते काम. चित्रपटात तिला रुग्णवाहिकेवरची तरुण मुलगी केली, काळ 2003 चा, आणि ती तीन पोरींना वाचवते. त्या पोरी पुढे म्हणे मोठ्या पराक्रमी होणार आहेत. पुढे म्हणजे कधी? पुढच्या चित्रपटात. तो काही आला नाही. स्पायडरमॅनचा मात्र तिथे जन्म होतो. बाळ रडतं आणि बारशाच्या आधी पडदा. मॉर्बियसवर तर इंटरनेटवर एवढे विनोद झाले, की कंपनीला वाटलं लोकांना आवडलाय. 2022 च्या जूनमध्ये त्यांनी तो पुन्हा हजारभर थिएटरांत लावला. पुन्हा पडला. विनोद करणारा माणूस तिकीट काढतो थोडाच? आणि क्रॅव्हन पडल्यावर सोनीचे मावळते प्रमुख मुलाखतीत म्हणाले, की चित्रपट वाईट नाहीये, का चालला नाही हे मला अजून कळत नाही. मॅडम वेबचं खापरही त्यांनी समीक्षकांवर फोडलं. वाचताना मला आपल्या नाट्यसंस्थेचे अध्यक्ष दिसत होते. शाल घेऊन, पहिल्या रांगेत, मागच्या बावीस रांगा रिकाम्या.

आता तू म्हणशील, सुध्या, तुला खलनायकांचं एवढं वावडं कधीपासून? तू तर जन्माचा राक्षसपार्टी. खरंय. आणि गंमत बघ, आपल्याच गावात 1843 साली विष्णुदास भाव्यांनी नाटकाचा पहिला खेळ केला, तेव्हापासून लोक राक्षसासाठीच येत होते. देव येऊन बोलून जायचे. पण राळ उडाली आणि 'अलललल डुर्र' ऐकू आलं की पोरं आयांच्या पदराआड. मी हेच नऊ वर्षं सगळ्यांना सांगत आलोय, विन्या गेला तर गेला, नाटक राक्षसाने चालतं. चिन्मयने त्या थिएटरात एका प्रश्नात माझी वाट लावली. त्या खेळांत राक्षस नाचायचा खरा, पण देवपार्टी विंगेत उभी असायची.

एप्रिलमध्ये संस्थेला पंचवीस वर्षं होताहेत. नवं नाटक लिहायचं माझ्या गळ्यात पडलंय. विषय तुला आवडेल. जुन्या काळची नाटकमंडळी, परगावचा मुक्काम, मेकअपरूममध्ये रंग लावून बसलेले दोन म्हातारे राक्षस, आणि देवपार्टीची बैलगाडी काही येत नाही. चाळीस पानं धडाधड झाली. दोघे नुसते भांडतात. एकाने दुसऱ्याची गदा वीस वर्षांपूर्वी विकलेली असते वगैरे. यात व्हेनमची थोडी चोरी आहे, कबूल. त्या सहा चित्रपटांत पैसा मिळवला तो व्हेनमनेच, पहिल्याने 85 कोटी डॉलरच्या वर. आणि मला विचारशील तर तो चालला तो टॉम हार्डी आणि त्याच्या अंगात शिरलेला तो काळा प्राणी, यांच्या भांडणावर. दोन्ही आवाज हार्डीचेच. घर झाडण्यावरून आणि खाण्यावरून भांडतात, तुझ्या-माझ्यासारखे. तर चाळीस पानं भांडण चालतं. एक्केचाळिसाव्या पानावर पेन अडलं. चिन्मयने वाचून विचारलं, "विष्णू कधी येतो?"

आणि त्याच रात्री, म्हणजे एक तारखेलाच, पावणेबाराला फोन.

"सुध्या, ओळखलंस?"

आवाज तसाच रे. तो आता त्या मालिकेत नायिकेच्या चुलत्याचं काम करतो. आठवड्यातून दोनदा 'सूनबाई, चहा' म्हणतो, एवढंच काम. आपला नायक. मी आईला बघू देतो, मी स्वतः बघत नाही. म्हणजे दारातून बघतो.

इकडचं तिकडचं झालं. मग म्हणाला, "पंचविसाव्याच्या पत्रिका छापायला गेल्या का?" मी म्हटलं, अजून नाही. थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग म्हणाला, "सुध्या, त्या दिवशी तू लाइटच्या डिमरपाशी होतास ना रे?"

मी म्हटलं, "हॅलो, हॅलो, आवाज कट होतोय," आणि ठेवला. दिग्या, रेंजच्या चारही काड्या होत्या.

आता ऐक. तुला मी सांगितलं होतं, की नऊ वर्षांपूर्वी विन्याच्या शेवटच्या स्वगतावर काळोख झाला तेव्हा मी मेकअपरूममध्ये होतो. नव्हतो. तुझ्यामागे दोन हातांवर उभा होतो, तलवार घेऊन, पुढच्या एंट्रीसाठी. ठिणगी उडाली, जळका वास आला, आणि तू दूध उतू गेल्यावर करतात तसे दोन्ही हात वर केलेस. डिमरवर तुझा हात नव्हता. फ्यूज खरंच उडाला होता. तू सांगत होतास ते अक्षरन्अक्षर खरं होतं. विन्याने तुला सगळ्यांसमोर 'तू मुद्दाम केलंस' म्हटलं, आईवरून बोलला, तू त्याची कॉलर धरलीस, परीक्षक जिन्यात थांबून बघत होते, आणि अध्यक्षांनी मला विचारलं, "तुम्ही काही पाहिलंत?" मी म्हणालो, नाही.

का म्हणालो? त्या क्षणी खरंच माहीत नव्हतं. घाबरलो असेन. पण पंधरा दिवसांनी नव्या नाटकाचं वाचन झालं, विन्या आला नाही, तू आला नाहीस, आणि मुख्य भूमिकेची वही माझ्या हातात आली. तेव्हा मात्र माहीत होतं. तेव्हा सांगता आलं असतं. मी वही घेतली आणि पाठांतराला लागलो.

नऊ वर्षांत सहा नाटकं केली मी, बघ, तीही सहाच! एकही धड उभं राहिलं नाही. तुला दरवेळी 'छान झालं' असं कळवत होतो, कारण तू हैदराबादेत, तुला कोण सांगणार.

2019 मध्ये सोनीचं आणि मार्व्हलचं फिसकटलं होतं. महिनाभर सगळीकडे बोंब. तर म्हणे त्या टॉम हॉलंडने, म्हणजे खुद्द स्पायडरमॅनने, मार्व्हलचे मालक डिस्नी, त्यांच्या मुख्य साहेबांना ईमेल केला, आणि साहेबांचा उलट फोन आला. तेव्हा पोराची दोन-तीन ग्लास बिअर झाली होती, गळा भरून आला होता. पुढे दोन्हीकडचे पुन्हा बोलायला लागले, आणि 2021 च्या चित्रपटात जुने खलनायकही परत आले, आपला गॉब्लिनसुद्धा. काय काम केलंय त्याने, वीस वर्षांनी! समोर पोरगा होता ना. विन्याने घेतली होती की नाही मला कळलं नाही. गळ्याचं मात्र सांगू शकतो.

तू कधीच म्हणाला नाहीस की विन्याला घेऊ नका. तू फक्त म्हणालास, "तो असेल तिथे मी नाही." त्याची मी पाटी करून नऊ वर्षं संस्थेच्या दारावर लावली. दिग्याला चालणार नाही, दिग्या दुखावेल. सोयीचं होतं. त्याचं घर तुझ्या नावावर मोडलं आणि तुझं त्याच्या नावावर, आणि मधल्या जागेत मी खुर्ची टाकली.

हे त्याला सांगायचंच आहे. पण आधी तुला. 26 तारखेला रविवार आहे आणि सुट्टीही, त्याचं शूटिंग नसेल, रात्री फोन करणार आहे. पत्र स्पीडपोस्टने टाकतोय, त्याआधी मिळेल. शिव्या द्यायच्या असतील तर शनिवारपर्यंत दे. वाटलं तर मी फोन स्पीकरवर ठेवीन, तू दुसऱ्या फोनवर ऐक. नाही, नको, तू मध्येच तोडशील.

तुझं काय? नव्या घराचा ताबा मिळाला का? ईशाची दहावी ना यंदा, तिला उगाच ओरडू नकोस, तुझे बीजगणिताचे मार्क मला पाठ आहेत. वहिनींची बदली थांबली असं आईकडून कळलं, बरं झालं.

विष्णूचं काम साडेतीन पानांचं आहे. गाडी चिखलात रुतलेली असते, तो रात्री तीनला एकटाच चालत येतो, कपडे भिजलेले, मुकुट पिशवीत. पुढे काय बोलतो ते मी लिहिलेलं नाही. ते विन्याशी बोलल्याशिवाय सुचणार नाही. दोन राक्षसांतला एक मी. दुसऱ्याचं नाव पानावर मी 'दि.' असंच लिहीत आलोय, पण तुला पाठांतराचा कंटाळा, हे ठाऊक आहे. मग निदान लाइट कर. शेवटी काळोख आहे, मोठा, सावकाश होणारा. तो दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही.

तुझा,
सुध्या

ता. क. सोबत भडंग पाठवतोय, तिखट आहे. फ्यूजची तार मी दोन गुंडाळ्या आणून ठेवल्यात.