जमिनीच्या जोरावर डिजिटल नाणे चालेल का?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

जमिनीचे किंवा सोन्याचे पाठबळ असल्याचे सांगणाऱ्या डिजिटल नाण्यांची जाहिरात सध्या नागपुरातही अनेकांच्या मोबाइलवर येत आहे. बिटकॉइनच्या मागे काहीच नाही, आमच्या नाण्यामागे मात्र खरीखुरी जमीन आहे, असा तिचा युक्तिवाद असतो. आणि वर्धा रोडवरचा प्लॉट मुदत ठेवीपेक्षा भरवशाचा मानणाऱ्या आपल्या शहरात तो चटकन पटतो. मी वकील आहे आणि कर्जप्रकरणांत तारण ठेवल्या जाणाऱ्या मालमत्तांची मालकी आणि बोजा तपासणारे शोध अहवाल तयार करणे हे माझे रोजचे काम आहे. त्या अनुभवावरून मला असे वाटते की नाण्यामागे काय आहे, हा प्रश्न नंतरचा आहे. ते नाणे हाती असणाऱ्याला काय मागता येईल, कोणाकडे मागता येईल आणि त्याने नकार दिला तर कोणता कायदा उभा राहील, हे आधी विचारले पाहिजे.

जमिनीच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर फार निराशाजनक आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. म्हणजे सातबारा हा महत्त्वाचा पुरावा असला तरी मालकीचा अखेरचा शब्द नव्हे. त्यात वारसांचे हक्क निघतात, इतर हक्कांच्या रकान्यात कर्जाचा बोजा असतो, जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी असते, नझूलचा म्हणजे शहरातील सरकारी जमिनीचा पट्टा संपत आलेला असतो, किंवा लेआउट अजून नियमितच झालेला नसतो. एका प्लॉटची ही गुंतागुंत उलगडताना आम्हाला तीस-तीस वर्षांचे दस्त चाळावे लागतात. एकाच भूखंडाची हजारो नाणी करून ती अनोळखी लोकांत फिरवली, तर ही तपासणी कोण करणार?

याहून मूलभूत अडचण कायद्याची आहे. शंभर रुपये किंवा त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते. मोबाइलवरून नाणे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेल्याने जमिनीचा एक चौरस फूटही हस्तांतरित होत नाही. शेतजमिनीला तुकडेबंदी कायदा लागू आहे, आणि शेतकरी नसलेल्याला ती विकत घेण्यावर निर्बंध आहेत. त्यामुळे नाणे घेणाऱ्याच्या हाती जमीन येतच नाही. येतो तो ज्या कंपनीच्या नावावर जमीन आहे तिचा एक शब्द. तीच जमीन कंपनी उद्या कर्जासाठी गहाण ठेवू शकते आणि तिच्यावर पहिला हक्क कर्ज देणाऱ्याचा लागतो. पीएसीएल या कंपनीने शेतजमीन देण्याच्या नावाखाली सुमारे ५.८५ कोटी लोकांकडून ४९,१०० कोटी रुपये गोळा केल्याचे शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०१४ च्या आदेशात नोंदवले आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला माजी सरन्यायाधीश आर. एम. लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून जमिनी विकण्याचे काम सोपवावे लागले. त्या प्रकरणात डिजिटल काहीच नव्हते, तरी जमिनीच्या नावावर दिलेला शब्द वसूल करणे किती कठीण असते हे त्यातून पुरेसे दिसते.

जमिनीवर चलन उभे करण्याचा प्रयत्न इतिहासात झालेला आहे. फ्रान्सने १७८९ मध्ये चर्चच्या जप्त जमिनींच्या आधारावर असिन्या नावाचे कागद काढले. जमिनी खऱ्या होत्या आणि हे कागद देऊन त्या लिलावात घेताही येत होत्या. परंतु ४० कोटी लिव्रपासून (तेव्हाचे फ्रेंच चलन) सुरू झालेली छपाई १७९६ पर्यंत हजारो कोटींवर गेली आणि कागद कवडीमोल झाले, कारण किती छापायचे यावर जमिनीचे काहीच बंधन नव्हते. याच्या उलट जर्मनीने नोव्हेंबर १९२३ मध्ये शेतजमीन आणि उद्योगांवरील बोजाच्या आधारे रेंटेनमार्क काढला आणि भीषण महागाई थांबवली. अनेक जण हे उदाहरण जमिनीच्या बाजूने देतात. मात्र रेंटेनमार्क देऊन कोणालाही शेत मिळत नव्हते, फार तर पाच टक्के व्याजाचा रोखा मिळत होता. तो टिकला याचे श्रेय मी छपाईवर घातलेल्या आणि पाळलेल्या कठोर मर्यादेला देतो.

सोन्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. सोने वजनाने मोजता येते, कसाला लावता येते आणि इतवारीच्या सराफ्यात त्याचा भाव रोज कळतो. म्हणून सोन्याची डिजिटल पावती ही कल्पना मला मुळात अमान्य नाही. पॅक्स गोल्डसारख्या नाण्यात एका नाण्यामागे लंडनच्या तिजोरीत एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम सोने ठेवले जाते. तरीही थेट लगड हवी असेल तर सुमारे ४३० नाणी, म्हणजे १३ किलोहून अधिक सोन्याची मालकी लागते. लहान धारकाला बहुधा पैसेच घ्यावे लागतात. शिवाय तिजोरी कोणाच्या ताब्यात आहे, मोजणी कोण करतो आणि कंपनी बुडाली तर सोने धारकांचे की धनकोंचे, हे प्रश्न राहतातच. आपल्याकडे डिजिटल सोन्याच्या अनेक योजना सेबीच्या नियमनाबाहेर आहेत आणि सेबीनेच २०२५ मध्ये गुंतवणूकदारांना तसा इशारा दिला आहे. याउलट इलेक्ट्रॉनिक गोल्ड रिसीटला, म्हणजे तिजोरीतील सोन्यावर दिलेल्या आणि शेअर बाजारात विकता येणाऱ्या डिजिटल पावतीला, नियामकाची चौकट आहे. सोने डिजिटल रूपातच हवे असेल त्याने आधी तिकडे पाहावे.

ही पावती बचतीसाठी ठीक आहे, परंतु देशाचे चलन सोन्याला बांधणे हा वेगळा विषय आहे. अमेरिकेने १५ ऑगस्ट १९७१ रोजी डॉलरच्या बदल्यात सोने देणे बंद केले. झिम्बाब्वेने एप्रिल २०२४ मध्ये सोने आणि परकीय चलनाच्या पाठबळावर झिग हे चलन आणले आणि सप्टेंबरमध्येच त्याचे मूल्य सुमारे ४३ टक्क्यांनी कमी करावे लागले. आपल्या रिझर्व्ह बँकेकडे मार्च २०२४ अखेर ८२२ टन सोने होते, त्यातील काही नागपूरच्या तिजोरीत असते, याचा नागपूरकर म्हणून अभिमान वाटतो. परंतु त्यातील ३०८ टन सोनेच नोटांच्या मागे होते आणि त्याची किंमत चलनातील नोटांच्या विसाव्या हिश्शाच्या आसपास भरत होती. नोटांच्या पाठबळाचा बाकीचा मोठा भाग परदेशी गुंतवणुकीचा होता. नोट घेऊन कोणी सोने मागू शकत नाही, तरी ती चालते, कारण ती कायदेशीर चलन आहे, कर तिच्यात भरता येतो आणि ती काढणारी संस्था कायद्याला उत्तरदायी आहे. डिसेंबर २०२२ पासून किरकोळ वापरासाठी प्रायोगिक स्वरूपात सुरू झालेला डिजिटल रुपयाही याच आधारावर उभा आहे.

म्हणून माझी मागणी अशी की, जमिनीचे पाठबळ सांगून नाणी विकणाऱ्या प्रत्येकाला सर्व्हे नंबर, फेरफार आणि बोजाची नोंद जाहीर करणे, तसेच धारकांच्या वतीने स्वतंत्र विश्वस्ताच्या नावे नोंदणीकृत गहाणखत करून देणे बंधनकारक करावे; आणि असे गहाणखत नसेल तिथे ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा आणि अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा २०१९ चा केंद्राचा कायदा लागू होतो का, हे शहर पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने लोकांचे पैसे अडकण्याआधीच तपासावे. वाचकांनीही पैसे देण्यापूर्वी विक्रेत्याकडे सातबारा किंवा आखीव पत्रिकेची (शहरी मिळकतीच्या उताऱ्याची) चालू तारखेची प्रत मागावी आणि तिच्यावर कोणाचे नाव आहे ते स्वतः वाचावे.

आपला,
एक वकील वाचक
धंतोली, नागपूर