प्रीमियरला येताना

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबांनी फोनवर विचारलं, पुण्याच्या महोत्सवात आपल्या सिनेमाचा प्रीमियर आहे, त्याची तिकिटं कुठे मिळतील, किती माणसं आणू, आणि तू आमच्याजवळच बसशील ना. तिन्हींची उत्तरं लांबलचक आहेत, म्हणून लिहून पाठवते. दुकानातून छापून आणा आणि पिशवीत ठेवा. मोबाइलवर ऐन वेळी सापडणार नाही.

आधी तिकिटाचं. खिडकीवर तिकीट मिळत नाही. पिफ, म्हणजे पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, २००२ पासून भरतो आणि तिथे नाव नोंदवून, फोटो देऊन पास काढावा लागतो. याचं मूळ सेन्सॉरमध्ये आहे. चाळीसगावात टॉकीजला लागणाऱ्या सिनेमाला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र असतं. महोत्सवातल्या बऱ्याच सिनेमांना ते मिळालेलं नसतं, त्यामुळे माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून तेवढ्यापुरती सूट घेतात. सूट मिळते ती नोंदलेल्या प्रतिनिधींना दाखवण्यापुरती, येईल त्याला तिकीट विकण्यासाठी नाही. प्रमाणपत्र नाही म्हणजे लहान मुलांनी पाहावा की नाही हेही कुणी ठरवलेलं नाही, म्हणून १८ वर्षांखालच्यांना आत सोडत नाहीत. ताईच्या पोराला आणू नका. दारावरून परत पाठवलं तर तुमच्यापैकी एकाला त्याच्यासोबत बाहेर बसावं लागेल.

सिनेमाच्या टीमला मोजकी निमंत्रणं मिळतात, ती कलाकारांच्या घरच्यांतच संपतात. म्हणून तुम्हा दोघांची रीतसर नोंदणी केली आहे. पास घ्यायला जाताना नोंदणीत दिलेलंच आधार कार्ड न्या, झेरॉक्स नको. पास गळ्यात घालायचा असतो आणि दर शोला तपासतात. काकांना यायचं असेल तर त्यांची वेगळी नोंदणी आत्ताच करावी लागेल. तुमच्या पासवर ते येऊ शकत नाहीत, ओळख सांगूनही नाही.

पास असला म्हणजे खुर्ची मिळालीच असं धरू नका. जो आधी येईल तो आधी आत. शो संध्याकाळचा आहे, तुम्ही पाऊण तास आधी रांगेत लागा. प्रीमियरला गर्दी जास्त असते, कारण टीम समोर येते. दारापाशी कापड अंथरलेलं दिसेल, मागे नावांचा फलक असेल. ते फोटोपुरतं असतं, त्यावरून चालायलाच हवं असं नाही. बाजूने सरळ रांगेत या. शाल-श्रीफळ आणलंत तर दिग्दर्शकांना बाहेर, शो संपल्यावर द्या. आत पिशव्या तपासतात आणि नारळ हमखास अडवतात.

प्रीमियर म्हणजे काय, हे आईने विचारलं होतं. लोकांसमोरचा पहिला खेळ. नवं काही नाही यात. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली आपला पहिला चित्रपट ३ मे रोजी लोकांसाठी लावला, पण त्याआधी २१ एप्रिलला मुंबईच्या ऑलिंपिया थिएटरात निवडक पाहुण्यांना दाखवला होता. आता महोत्सवांनी त्याच्या पायऱ्या केल्या आहेत: जगातला पहिला खेळ, मूळ देशाबाहेरचा पहिला, आशियातला पहिला, भारतातला पहिला. जगातला पहिला खेळ एकदाच होतो. तो कुठे खर्च करायचा यावर निर्मात्याचं बरंच काही ठरतं, कारण काही महोत्सव आधी कुठेही जाहीरपणे दाखवलेला सिनेमा घेतच नाहीत. म्हणून गावातल्या मंडळाला सांगा, गावात शूटिंग झालं असलं तरी मैदानावर पडदा लावायचा विषय सध्या नको. आधी सिनेमाची महोत्सवांची फेरी होऊ दे, सेन्सॉर होऊ दे. घरच्यांना एडिट रूममध्ये दाखवला तर त्याला कुणी खेळ म्हणत नाही, पण गावातला फुकट शोसुद्धा जाहीर खेळच धरतात.

आता मी कुठे असेन ते. तुमच्याजवळ नाही. मी वर, प्रोजेक्टरच्या खोलीत असेन. नोकरी नवी, सहा महिने प्रोबेशन, त्यात सुट्टी मागायची सोय नाही. पण या शोला ऑफिसच पाठवतंय, कामावर म्हणून, तेव्हा सुट्टीचा प्रश्नच आला नाही. अट एवढीच की शेवटची पाटी, म्हणजे नावांची यादी, जाईपर्यंत खोली सोडायची नाही.

काम काय, ते एकदा नीट सांगते, म्हणजे शेजारी कुणी विचारलं तर ‘कॉम्प्युटरवर काहीतरी करते’ असं सांगावं लागणार नाही. पूर्वी रिळांच्या पेट्या एसटीने यायच्या. आता सिनेमा हार्ड डिस्कवर येतो, त्याला डीसीपी म्हणतात. आपल्या सिनेमाचा डीसीपी सव्वाशे जीबीच्या आसपास आहे. सेकंदाला २४ चित्रं, प्रत्येक वेगळं दाबून ठेवलेलं, आणि आवाज मात्र अजिबात न दाबलेला. डिस्क थिएटरच्या सर्व्हरला लावून सगळं आत उतरवून घेतात. जुन्या यूएसबी जोडणीवर सेकंदाला तीसेक एमबी उतरतात, म्हणजे एकदा उतरवायला तास-सव्वा तास. मधेच एखादी फाइल खराब निघाली तर सर्व्हर ती नाकारतो आणि पुन्हा पहिल्यापासून. म्हणून डिस्क शोच्या दिवशी नाही, आदल्या दिवशी द्यायची, आणि दुसरी प्रत आपल्या बॅगेत ठेवायची. डिस्क लिनक्सच्या पद्धतीने फॉरमॅट केलेली लागते. कुणी घाईत मॅकवर कॉपी करून आणली तर सर्व्हरला ती दिसतच नाही. डिस्क चांगली, सिनेमा चांगला, तरी पडदा रिकामा.

सिनेमा कुलूपबंद असेल तर त्याची किल्लीही लागते. केडीएम नावाची छोटी फाइल असते ती, ईमेलने येते. ती एकाच सर्व्हरसाठी आणि ठरलेल्या वेळेपुरती चालते. महोत्सवात सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. एक म्हणजे गर्दी पाहून आयोजक शो तीन नंबरच्या स्क्रीनवरून पाच नंबरला हलवतात, आणि किल्ली तीन नंबरचीच असते. दुसरं वेळेचं. किल्लीतली वेळ जागतिक घड्याळाप्रमाणे लिहितात, आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे. कुणी हिशेब न करता संध्याकाळचे सहा लिहिले तर किल्ली आपल्या रात्री साडेअकराला चालू होते. उपाय साधा आहे: त्या मल्टिप्लेक्समधल्या सगळ्या स्क्रीनच्या किल्ल्या काढायच्या आणि मुदत आदल्या सकाळपासून दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायची. माझं मत विचाराल तर महोत्सवासाठी कुलूप लावूच नये, पण निर्माते चोरीला घाबरतात आणि त्यांचंही चूक नाही.

सकाळी पहिला शो लागायच्या आधी तपासणी असते. पूर्ण सिनेमा पाहायला वेळ देत नाहीत. सुरुवातीची पाच मिनिटं, मधला एक गाण्याचा आणि एक कुजबुजीचा प्रसंग, शेवटची पाटी, एवढंच. चित्राचा आकार आधी पाहायचा. आपलं चित्र १९९८ बाय १०८०, ज्याला फ्लॅट म्हणतात. आदला सिनेमा रुंद आकाराचा असेल आणि ऑपरेटर प्रोजेक्टरची मांडणी बदलायला विसरला, तर वरून माणसांची डोकी आणि खालून सबटायटल्स कापली जातात. सिनेमा अहिराणीत आहे. पुण्याच्या प्रेक्षकांना आणि परदेशी परीक्षकांना खालच्या दोन ओळींचाच आधार. त्या गेल्या तर सिनेमाच गेला.

मग उजेड. पांढऱ्या पडद्यावर ठरलेला उजेड ४८ निट्स (निट हे उजेडाचं माप), पण दिवा जुना झाला की तो उतरत जातो. चाळीसगावचे छायाचित्रकार केकी मूस यांचा एखादा फोटो खिडकीच्या उजेडात आणि मंद दिव्याखाली पाहिला तर सावलीतलं अर्धं दिसेनासं होतं, तसंच इथे. रात्रीचे प्रसंग नुसते काळे दिसतात आणि लोक कॅमेरामनला नावं ठेवतात. त्यावर मला काही करता येत नाही, दिवा थिएटरचा. आवाजाचं मात्र करता येतं. स्टुडिओत मिक्सिंग करताना आवाजाचा आकडा ७ वर असतो. थिएटरवाले जाहिराती कर्कश वाटतात म्हणून तो ५ वर आणून ठेवतात. दोन आकडे म्हणजे जवळपास साडेसहा डेसिबल कमी, आणि हळू बोललेलं गिळलं जातं. शिवाय सकाळी रिकाम्या हॉलमध्ये जे ऐकू येतं ते संध्याकाळी भरल्या हॉलमध्ये तसं येत नाही. माणसं आणि त्यांचे स्वेटर आवाज शोषून घेतात. म्हणून सकाळी बरोबर वाटलं त्यापेक्षा थोडं वर ठेवायला सांगायचं आणि पहिली दहा मिनिटं ऑपरेटरच्या शेजारी उभं राहायचं.

यावरून तुमच्या खुर्च्यांचं. बोलणं पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतं, पडद्याला त्यासाठी बारीक भोकं असतात. भिंतींवरच्या स्पीकरमधून वारा, मोटारी, गाड्यांचे भोंगे. बाबा, तुमच्या कानाच्या मशीनला भिंतीजवळची जागा अजिबात मानवणार नाही, बोलण्यावर दुसराच आवाज चढेल. पडद्यापासून दोन तृतीयांश मागे, मधल्या भागात बसा आणि मशीन एक पायरी कमी करून ठेवा. बॅटरी नवी घाला. आई, तू पॅसेजच्या टोकाची खुर्ची घे, मध्येच उठायचं झालं तर दहा जणांचे पाय ओलांडावे लागणार नाहीत. पायऱ्या उंच आणि अंधुक असतात. तुझ्या चष्म्याच्या खालच्या भागातून त्या धूसर दिसतात, तेव्हा मान खाली घालून वरच्या काचेतून बघत उतर. दिवे मालवायच्या आत बसून घ्या. बाथरूम आधीच. मध्यंतर नाही! सिनेमा ९८ मिनिटांचा आहे, सलग चालतो. साखरेची गोळी आणि त्यासोबतचं खाणं रांगेत लागायच्या आधी उरका, कारण बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. औषधं मात्र पर्समध्ये असू दे. शालसुद्धा घे. जानेवारी असला तरी आत एसी चालूच असतो.

शेवटच्या पाटीला लोक उठतील, दिवेही लागतील. तुम्ही उठू नका. माझं नाव खाली, आमच्या ऑफिसच्या, म्हणजे लॅबच्या यादीत आहे. पाटी दर चित्राला तीन पिक्सेल वर सरकते, म्हणजे एक ओळ पडद्यावर साधारण १५ सेकंद राहते. तेवढ्यात वाचून होतं. पण मोबाइल काढून त्याचा व्हिडिओ घेऊ नका. २०२३ च्या दुरुस्तीनंतर थिएटरात पडदा चित्रित करणं हा गुन्हा आहे, किमान तीन महिने कैद आणि किमान तीन लाख दंड. नावापुरतंच घेतलं, हे दारावरच्या माणसाला पटवत बसायला नको. नावाचा फोटो मी तुम्हाला ऑफिसमधून परवानगी घेऊन देईन.

पाटीनंतर दहा-पंधरा मिनिटं प्रश्नोत्तरं असतात. बाबा, माइक आला तर प्रश्नच विचारा. गावच्या पाणीप्रश्नावर बोलायला तिथे वेळ नसतो, पुढच्या शोची रांग बाहेर उभी असते.

गाडीचं तिकीट महाराष्ट्र एक्स्प्रेसचं काढलं आहे, शोच्या आदल्या रात्रीचं नाही, त्याच्याही आदल्या रात्रीचं. ती पहाटे अंधारात पुण्यात सोडते आणि थंडीत उतरून त्याच दिवशी संध्याकाळी सिनेमा, हे तुम्हाला झेपणार नाही. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, तेव्हा खिडकीवर वाद घालू नका. खालच्या बर्थचा कोटा मात्र चालू आहे, पुरुषांना ६० आणि बायकांना ४५ वर्षांपासून, पण एका तिकिटावर दोनपेक्षा जास्त माणसं नसली तर. म्हणूनच काकांचं तिकीट वेगळं काढायला सांगितलं. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, उशीर केला तर त्यांना वरचाच बर्थ मिळेल. उतरल्यावर उजाडेपर्यंत वेटिंग रूममध्येच थांबा. मी ऑफिसच्या गाडीने नंतर येणार आहे, स्टेशनवर नसेन.

पगारपत्रक पाहून तुम्ही विचारलं होतं, ते राहिलं. हातात कमी येतं ते पीएफमुळे. मूळ पगाराच्या १२ टक्के माझे कापतात, तेवढेच कंपनी घालते, कंपनीच्या त्या १२ पैकी ८.३३ टक्के पेन्शनच्या खात्यात जातात. महिन्याला २०० रुपये व्यवसाय कर आपल्या राज्यात कापतात, पण २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या बायकांना तो माफ आहे, म्हणून माझ्या कागदावर तो रकाना रिकामा दिसतो. चूक नाही ती.

येताना भरीत करून आणू नका, दोन रात्रींत आंबेल. भरताची वांगी आणा, दोन किलो पुरे, देठासकट आणि कागदात सुटी गुंडाळून. कपाशीच्या काड्या इथे मिळणार नाहीत, गॅसवरच भाजू. हिरव्या मिरच्या आणि कांद्याची पात पुण्यात मिळते, त्यांचं ओझं नको.

गाडीत बसलात की डबा आणि बर्थ नंबर मेसेज करा.

तुमची,
धाकटी